रक्त थांबायची गोळी

सांगतो, पण मध्ये तोंड घालायचं नाही. ही माझ्या एका मेडिकलवाल्या मित्राची गोष्ट. त्यानंच मला सांगितली, आणि तेव्हापासून त्याचं माझं बोलणं नाही.

शनिवारची रात्र. संध्याकाळी गेलेले दिवे पावणेबाराला आले. फ्रिजमधलं इन्सुलिन खराब झालं की काय, ते बघायला हा घरून दुकानात आला. शटर थोडं वर करून वाकून आत शिरला, फ्रिज उघडला. औषधं अजून गार होती. जीव भांड्यात पडला त्याचा. माल वाचला म्हणून, दुसरं काय.

गडी तसा गोडबोल्या. पोट पाडायच्या गोळ्या मागायला बायका त्याच्याकडेच यायच्या. दवाखान्यात नवऱ्याची सही मागतात. नवऱ्यालाच कळू द्यायचं नसेल तर बाईनं जायचं कुठं? मग दुकानातली गर्दी हटेपर्यंत खोकल्याच्या बाटल्या बघत उभी राहायची बिचारी. हा चिठ्ठी मागायचा नाही. पण खोका आणि आतला माहितीचा कागद ठेवून घ्यायचा, उद्या आपल्यावर शेकायला नको म्हणून. सुट्या गोळ्या रद्दीच्या कागदात बांधून द्यायचा. कशा घ्यायच्या विचारलं तर म्हणायचा, "सगळ्या घेतात तशाच." डोंबल सगळ्या. तिला सांगणार कोण, सासू?

तर त्यानं फ्रिज लावला, आणि शटरवर टकटक झाली.

"भाऊ, रक्त थांबत नाही हो."

शटरखालून पाय दिसत होते. अनवाणी. आवाज त्यानं ओळखला. कोपऱ्यावरच्या शिंप्याची बायको, तीन लेकरांची आई. मागच्याच आठवड्यात गोळ्या घेऊन गेलेली.

'आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा,' हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तिथं डॉक्टर विचारणार, गोळ्या दिल्या कुणी. त्यानं ते गिळलं.

"माझं नाव कुणाला सांगितलंस?"

"नाही... थांबायचं काहीतरी द्या. आणि कसं घ्यायचं ते सांगा या वेळी."

त्यानं रक्त थांबायच्या चार गोळ्यांची स्ट्रिप शटरखालून सरकवली. एक हात आला. पांढराफटक. बोटं याच्या बोटांना लागली... फ्रिजमधल्या बाटल्यांपेक्षा गार.

"दोन आत्ता घे. दोन सकाळी."

"बरं."

मग काहीच नाही. पावलं वाजली नाहीत. यानं वाकून पाहिलं.

पाय नव्हते.

रस्ताही रिकामा...

सकाळी दुकान उघडलं तर दारात एक तरुण उभा. रडून डोळे सुजलेले. शिंप्याचा मेहुणा, तिचा भाऊ.

"काका, काल संध्याकाळी दिवे गेले ना, तेव्हाच ताई गेली. मी गावाहून येईपर्यंत तशीच ठेवली होती. आई रात्रभर तिच्या उशाशी बसून होती, हलली नाही. मघाशी ताईला उचलताना मुठीत हे दिसलं. मूठ सोडवेना, जोर लावावा लागला. कशाची गोळी आहे ही?"

पोरानं स्ट्रिप काउंटरवर ठेवली. माझा मित्र बघत राहिला. तेव्हा तरी खरं बोलायचं की नाही माणसानं?

"डोकेदुखीची," तो म्हणाला.

पोरानं मान हलवली आणि गेला. स्ट्रिप तिथंच राहिली.

सकाळच्या दोन तेवढ्या शिल्लक होत्या.