काळ्या लोकरीचा पीळ

साखऱ्यात लाइट गेली की पोरं ज्ञानबा तात्याच्या ओट्यावर जमायची. त्या रात्री अंधारातून कोणीतरी म्हणालं, "तात्या, भूतबित काही नसतं."

"नसंल," तात्या म्हणाला. "माही भाची वैष्णवीबी तेच म्हणायची. आजबी म्हणते. तिचंच सांगतो, आइक."

२००३ साल. भाऊबीजेची रात्र. साखर कारखान्याचं नाव नको, आता तिथं बाभळी उगवल्यात. संध्याकाळी वैष्णवीनं चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. तिचा भाऊ सोनाजी त्याच कारखान्यात जनरेटरवर होता आणि तिथंच करंट लागून गेला. 'ड्यूटीवर झोपला, झोपेत हात गेला,' असं जनरेटरचे मोठे साहेब दत्तप्रसाद यांनी सांगितलं. गावानंही तेच धरलं.

सोनाजी मेंढरं राखणाऱ्याचा पोरगा, काठी टेकत चालायचा. मेंढरू आजारी पडलं की त्याच्या गळ्यात काळ्या लोकरीचा पीळ बांधायचा, म्हणजे त्याला कोणी हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. कारखान्यात सोनाजी तसाच पीळ हात लावू नये अशा बटणाला बांधायचा. साहेब हसायचे.

वैष्णवी तेव्हा दूर बंगालात इंजिनिअरिंग शिकत होती. शहरातली नोकरी सोडून ती परत आली ती याच जनरेटरवर. आपला भाऊ झोपला नव्हता, एवढंच तिला दाखवून द्यायचं होतं.

त्या रात्री ती करंज्यांचा डबा घेऊन निघाली. सोनाजीचा जोडीदार प्रभू एकटाच पाळीवर होता, त्याची बहीण काही आली नव्हती.

"घ्या, प्रभूभाऊ."

प्रभूनं करंजी चावून बघितली. "इंजिनिअरनं केली व्हय? पान्यानं फोडावी लागती."

दोघंही हसले. दुरुस्ती होऊन जनरेटरचं टर्बाइन वाफेवर फिरत होतं. सकाळी चेअरमन येऊन उसाची पहिली मोळी टाकणार होते.

साडेअकराला एक्सायटेशनचा अलार्म वाजला.

जनरेटरच्या पोटात फिरणाऱ्या लोखंडाचं चुंबक व्हावं म्हणून त्याला थोडी वीज पाजतात. तेच एक्सायटेशन. ही वीज कार्बनच्या ब्रशांतून आत जाते. त्या वाटेत कुठं गळती लागली की हा अलार्म होतो. मशीन चालतच राहतं. पण त्या वेळी ब्रशला ज्याचा हात लागेल, त्याच्या अंगातून वीज जमिनीत उतरते.

साहेब झोपेतून उठून आले. "दुरुस्तीनंतर ओल राहते. वाजतंच. अलार्मची वायर काढा."

"ओल असली तर वाळवू. आधी मशीन बंद करू."

"बॉयलर तापलाय. सकाळी चेअरमन येणार. आणि तू मशीन बंद करून राहिली?"

"व्हय."

"तुझा भाऊबी असाच हट्टी होता. अलार्म, अलार्म करून डोकं खायचा."

वैष्णवीनं मान वर केली. "झोपाळू होता म्हणाला होतात ना तुमी?"

 साहेबांनी स्वतःच पॅनल उघडून वायर उपटली. अलार्म बंद पडला.

"प्रभू, ब्रश बघून ये."

"जाऊ नका, प्रभूभाऊ."

"नोकरी हाये, ताई..." प्रभू गेला.

वैष्णवी मशीन बंद करायच्या बटणाकडे धावली. साहेब आडवे आले. तिकडं प्रभू ब्रशांच्या झाकणाशी वाकला होता. हात पुढं केला...

आणि अलार्म वाजला.

वायर साहेबांच्या मुठीत होती.

प्रभूचा हात तसाच थांबला. ब्रशाच्या वीतभर अलीकडं. तो झाकणाच्या मुठीकडं बघत होता. 

साहेबांच्या हातातली वायर गळून पडली. वैष्णवीनं त्यांना बाजूला ढकलून बटण दाबलं. दिवे गेले. बॅटरीचा एकच पिवळा दिवा उरला. चाकं हळूहळू मंदावू लागली.

अलार्म वाजतच होता.

वास आला. भिजल्या मेंढरांचा.

मग काठी टेकल्याचा आवाज. एकदा. पुन्हा एकदा. मशीनच्या पलीकडून...

"चला इथून..." साहेब पुटपुटले.

वैष्णवी हलली नाही. 

"दादा," ती अंधाराकडे बघून म्हणाली, "तू असलास तर थांब. नसलास तरी मी हे उघडणारच हाये."

 शेवटचं चाक थांबलं. त्याच क्षणी अलार्मही थांबला.

टॉर्च घेऊन ती ब्रशांपाशी बसली. एका बोल्टवरची वीज अडवणारी नळी दुरुस्तीत बसवायचीच राहिली होती. बोल्ट उघडा, लोखंडाला टेकलेला. गळती तिथूनच. प्रभूनं ते पाहिलं आणि दोन्ही हात पाठीशी घेतले.

सकाळी हार घेऊन माणसं उभी. नळी बसवून झालेली. साहेब म्हणाले, "सुरू कर."

"आधी सगळ्यांदेखत सांगा. माझा भाऊ झोपला होता का?"

वाफ सुसाट सुटत होती. चेअरमन घड्याळ बघत होते. वैष्णवी सुरू करायच्या बटणापुढं हाताची घडी घालून उभी. शेवटी साहेब खाली बघून बोलले, "न्हाई. तेव्हाबी अलार्म मीच काढायला लावला अन् त्याला ब्रश बघायला धाडलं."

तेव्हाच तिनं बटण दाबलं.

तात्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. अंधारातून एका पोरानं विचारलं:

"मग झाकणाच्या मुठीला काय होतं, तात्या?"

"काळ्या लोकरीचा पीळ. सोनाजीच्याच गाठीचा. वैष्णवी म्हणते, कोणीतरी बांधला असंल. पण तिनं तो सोडला न्हाई, कोणाला सोडू दिला न्हाई. पुढं कारखाना बंद पडला, मशीन भंगारात निघालं. तवा मी होतो तिथं. समदं गंजलेलं. मुठीला हात लावला..."

"आन्?"

"लोकर वली होती. आताच कातरल्यावानी... ऊन ऊन."