सोमवारचं शिखर

"चपला बाहेर!"

आवाज बोगद्यातून आला. हर्षालीने दचकून चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाशी नेला आणि मगच वर पाहिलं. पांढरा कोट घातलेला एक सावळा मुलगा हसू दाबत उभा होता.

"इथे देव नाही हो. धूळ आत नको, म्हणून चपला काढायच्या."

"चपला काढायच्या, हात धुऊनच शिवायचं, मोठ्याने बोलायचं नाही..." ती दारावरची पाटी वाचत म्हणाली, "आणि देव नाही म्हणता?"

तो हसलाच. हिरामण त्याचं नाव. पेठजवळच्याच पाड्यावरचा.

डोंगरातला हा जुना बोगदा नाशिकच्या त्यांच्या कॉलेजने प्रयोगशाळेसाठी घेतला होता. वर दीडशे मीटर कातळ, त्यामुळे आकाशातून येणारे किरण बहुतेक वरच अडत. आत शिशाच्या विटांच्या कोंदणात डिटेक्टर. मोठ्या यंत्रासाठी आलेल्या तांब्याच्या पट्ट्यांत किरणोत्सर्गाचा अंशही नाही ना, हे त्यात तपासायचं. पट्ट्या पुसून आत ठेवणं हर्षालीचं काम, आलेख वाचणं हिरामणचं.

सोमवारी ती पहाटेच कपालेश्वराचं दर्शन घेई, कपाळावर भस्म लावी आणि पंचवटीतून निघून पेठची एसटी गाठी. त्या दिवशी तिचा उपास, म्हणून हिरामणही डबा उघडत नसे. "भूकच नाही," म्हणे — आणि पोट असं गुरगुरे की बोगदाभर घुमे!

"जेवा हो," ती पदराआड हसे. "तुमचं पुण्य मला नको."

"मग अर्धं अर्धं करू..."

असे दिवस छान चालले होते. पण एका मंगळवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख छाया मॅडमनी आलेख तिच्यापुढे ठेवला.

"हर्षाली, सोमवारी तू ठेवलेल्या पट्ट्यांतच पोटॅशियमच्या किरणोत्सर्गाचं हे शिखर येतंय. शुक्रवारपर्यंत कारण मिळालं नाही, तर हे काम दुसऱ्याला द्यावं लागेल गं."

काम जाणार. आणि कामाबरोबर... तिने पुढचा विचारच केला नाही.

बुधवारी हिरामण तिच्यासमोर येऊन उभा राहिला. कान लाल.

"एक विचारू? सोमवारी कपाळाला... ते..."

"भस्म? का, शोभत नाही?"

"लय शोभतं! म्हणजे — तसं नाही — पुडी आहे का जवळ?"

तिने पर्समधली पुडी दिली. त्याने चिमूटभर भस्म डिटेक्टरखाली ठेवलं. दुपारपर्यंत दोघंही पडद्यासमोर. रेघ हळूहळू वर चढू लागली... त्याच जागी, तेच शिखर.

"राखेत पोटॅशियम असतंच," तो हळूच म्हणाला. "तुमची टोपी घसरते. तुम्ही हातमोज्यानेच ती सावरता, आणि तोच हात पट्टीला लागतो. मी पाहिलंय."

"इतकं बघता माझ्याकडे?"

त्याने घाईघाईने पुडी मिटून तिच्या हातात दिली. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे चूक माझीच. आता व्रत सोडू का मी?"

"अजिबात नाही! सोमवारी पट्ट्या मी ठेवीन, तुम्ही आलेख वाचा. मॅडमना मी तेच सांगणार."

"तुम्ही नाही. चूक माझी, सांगणारही मीच."

शुक्रवारी तिने भस्माचा आलेख मॅडमपुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मॅडम आधी गंभीर, मग इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "कारण तर सापडलं! सगळ्या सोमवारच्या पट्ट्या पुन्हा मोजायच्या हं. दोघांनी मिळून."

दोघं बाहेर आली तेव्हा श्रावणातलं ऊन पडलं होतं. नागलीच्या हिरव्या शेतांवरून वारा येत होता.

"हे व्रत... किती सोमवार?" हिरामणने विचारलं.

"सोळा. नऊ झाले."

"आणि मागितलंय काय?"

"ते सांगायचं नसतं."

"मग मी सांगतो माझं. माझं काही व्रत नाही..." तो अडखळला. "हर्षाली, मला तू हवी आहेस. जन्मभर."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला तो. तिने क्षणभर डोळे मिटले, जणू कुणाला तरी मनातल्या मनात नमस्कार केला.

"सात सोमवार धीर धर," ती म्हणाली. "उद्यापनाला घरी ये. आईला सांगून ठेवते — जावई बघून घे म्हणून."