कालवबेटाचा थोरला दरवाजा

पूर्वेचे डोंगर नुकते कुठे तांबूस होऊ लागले होते, आणि कालवबेटाचा काळा तट, त्याच्या पोटाशी बिलगलेली बंदरपेठ, चुनेआळी अन् पलीकडचा कोळवाडा अशी ती चिमुकली वस्ती महिनाभराच्या वेढ्याने सुकलेल्या तोंडाने दिवस उजाडण्याची वाट पाहत होती. किल्ल्याचा मुख्य असलेल्या हवालदार सुभानजी घोसाळकराच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. पहाटे पकडलेल्या शत्रूच्या खलाशाने मार खाऊन एवढेच ओकले होते, की आजच्या भरतीला किल्ल्यातलाच माणूस थोरला दरवाजा आतून उघडणार आहे.

आता या दरवाज्यांची एक गंमत होती. बंदरपेठेच्या तोंडाशी असलेला, हत्ती अंबारीसकट जाईल असा दरवाजा बेटावर ‘धाकटा’ म्हटला जाई, कारण तो मागाहून बांधलेला. आणि कोळवाड्यामागचा, माणसाने कंबरेत वाकून जावे असा दिंडीवजा दरवाजा आधीचा, म्हणून तो ‘थोरला’. परका माणूस यात हमखास फसे.

थोरल्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या पाडाजी नाखव्याच्या घराण्याकडे होती. पोरक्या सुभानजीला पोहायला शिकवले ते याच नाखव्याने, जेवू घातले तेही त्यानेच. पण संशय मोठा हलकट. नाखवा परवा गप्प का होता, काल उगाच हसला का, सुभानजीला सारेच खटकू लागले. अखेर दर्यादेवीच्या देवळासमोर, साऱ्या कोळवाड्यादेखत, त्याने नाखव्याच्या आणि त्याच्या पहारेकऱ्यांच्या मुसक्या आवळल्या आणि त्यांना देवळातच डांबले. नाखव्याने हात आपणहून मागे केले होते. तेही सुभानजीने गुन्ह्यातच धरले.

गेल्या दसऱ्याला घाटावरून आलेला किल्ल्याच्या शिबंदीचा सरनोबत येसबा ढमाले लवून मुजरा करीत म्हणाला, “हवालदारसाहेब, घरभेद्या सापडला, चिंता मिटली. थोरला दरवाजा या चाकराच्या हवाली करावा. आपण धाकट्यावर उभे राहावे.”

सुभानजीने रुकार दिला. दुपारी भरती चढू लागली, तसा तो मूठभर शिपाई घेऊन चुनेआळीतून बंदरपेठेत उतरला आणि पाहतो तो काय, धाकट्या दरवाज्यावर येसबाच आपली सारी शिबंदी घेऊन उभा.

“आपण इथे कसे?” येसबाचा चेहरा पडला. “थोरला तर माझ्याकडे सोपवलात.”

सुभानजीला उमगले. खलाशाने सांगितलेला थोरला तो हाच. आणि याला थोरला म्हणणारा माणूस बेटावरचा नव्हे, घाटावरून आलेला येसबाच. चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो म्हणाला, “चुकून आलो, सरनोबत. चालू द्या.” आणि आळीच्या वळणाआड होताच तो जीव घेऊन देवळाकडे धावला.

त्याने स्वतःच्या हातांनी नाखव्याचे दोर कापले. “काका, वैरी बंदरपेठेत आहे. माझं चुकलं.”

“माज्या पोरांना सोर आधी,” एवढेच नाखवा म्हणाला.

कोळी एकामागून एक खऱ्या थोरल्यातून वाकून बाहेर पडले आणि तटाच्या कडेकडेने पोहत निघाले. येसबाने दरवाजा उघडला, शत्रूच्या होड्या पायरीला लागल्या, अन् नेमक्या त्याच वेळी कोळ्यांनी पाण्यातून त्या पालथ्या करायला सुरुवात केली. इकडे सुभानजी दहाबारा शिपायांनिशी आतून शिबंदीवर तुटून पडला, खांद्यावर वार झेलत त्याने दरवाजा रेटला आणि अडसर घातला. कट उघडा पडताच येसबाच्याच शिपायांनी हत्यारे टाकली, आणि येसबा जिवंत सापडला.

संध्याकाळी विजयाची नौबत झडत असताना सुभानजीने भर पेठेत नाखव्याचे पाय धरले.

नाखव्याने त्याला उठवले. “बेटाचा धनी तू, तुला संशय घेवाच लागतो,” तो शांतपणे म्हणाला. “पन बांधताना येकदा तरी इचारायचं व्हतंस, ‘काका, तू हायेस का त्यात?’”

पुढे कैक वर्षे नाखव्याने थोरला दरवाजा इमानाने राखला. हवालदाराला तो रोज रीतसर मुजराही करी. त्याच्या घरी मात्र सुभानजीला पुन्हा कोणी जेवायला बोलावले नाही.