धोक्याची खूण

फिटर गिरणीत पहिल्यांदा आला तेव्हा दारातच थबकला. आत लाकडं कापणारी करवत अशी किंचाळत होती की शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये. फळ्या रचणाऱ्या एका मुलीला त्याने ओरडून विचारलं, "मुकादम कुठे आहेत?" तिने हातानेच सांगितलं – डावीकडे, जिन्याखाली, जेवताहेत – आणि वर अशी काही हसली की हा डावीकडे जायचा तो उजवीकडे गेला.

बिचारी मुकी आहे, त्याने मनाशी ठरवून टाकलं.

आता त्या गिरणीत सगळेच हातांनी बोलत. ओंडका सरकव, फळी उलटी धर, चहा आलाय... लाकडं कापता कापताच गिरणीभोवती वस्ती उभी राहिली होती, आणि तिथली पोरं बोलायच्या आधी खुणा शिकायची. पण परगावच्या माणसाला हे सांगणार कोण? तो आपला त्या मुलीशी बोलता यावं म्हणून म्हाताऱ्या करवतवाल्याकडून एकेक खूण शिकू लागला. करवतवाला म्हणजे तिचाच बाप. त्याने मिशीतल्या मिशीत हसत शिकवलं, पण मुलीचं गुपित काही फोडलं नाही.

एका दुपारी पट्टा तुटला, करवत थांबली, आणि त्या शांततेत फिटरला तिचा आवाज ऐकू आला, "अगं, कालच सांगत होते ना तुला, तिची सासू म्हणजे..."

त्याच्या हातातला पाना गळून पडला. "तुम्ही... बोलता?"

"मला वस्तीत टकळी म्हणतात," ती म्हणाली. "झोपेतही बोलते, आई सांगते."

"मग इतके दिवस गप्प का?"

"तुम्ही इतक्या मन लावून हातवारे करत होतात... मन मोडवेना मला. काल तर म्हणालात, ओंडका सुंदर आहे."

"ओंडका नव्हतं म्हणायचं."

"कळलं होतं," ती म्हणाली आणि उगाचच फळ्यांवरचा भुसा झटकत बसली.

किती गोड दिवस होते ते! ओल्या लाकडाचा वास, तिच्या केसांतला भुसा, आणि तो हळूच टिपून काढणारा फिटर. पण जंगलातून लाकूड यायचं आटलं आणि मालकाने गिरणी बंद करून करवत लांबच्या गिरणीला विकून टाकली. फिटरने ती तिकडे नेऊन बसवायची आणि तिथेच नोकरीला राहायचं, असं ठरलं.

टकळी गप्प झाली. काय बोलायचं ते तिला पाठ होतं, पण तो समोर आला की ती फळ्याच मोजत बसायची. तोही "जपून राहा" याच्या पुढे जाईना.

करवत ट्रकवर चढली. फिटर ड्रायव्हरशेजारी बसला. ट्रक फाटकाशी आला तशी टकळी धावत पुढे गेली आणि तिने दोन्ही मनगटं डोक्यावर फुलीसारखी धरली.

या खुणेचा अर्थ एकच – धोका आहे, थांबव. मालक करो की पोर, यंत्र तिथल्या तिथे थांबायचं, आणि करणाऱ्याने सगळ्यांसमोर कारण सांगायचं. विनाकारण केली तर लोक जन्मभर नावं ठेवायचे. ड्रायव्हर गिरणीतलाच जुना माणूस. त्याने कचकन ब्रेक दाबला. सकाळपासून डोळे पुसत बसलेली वस्ती गोळा झाली.

"कारण?" बापाने विचारलं.

"हा चाललाय."

"ते दिसतंय सगळ्यांना. धोका काय?"

तिचे कान लालेलाल झाले. "गेला की परत यायचा नाही, हा धोका. आणि... मला त्याच्याशीच लग्न करायचंय, बाबा."

फिटर उडी मारूनच खाली उतरला. "करवत बसवतो आणि येतो. ती नोकरी नको मला. इथे पंप आहेत, ट्रक आहेत, हाताला काम मिळेल..." मग बापाकडे वळून चाचरत म्हणाला, "म्हणजे, तुमची परवानगी असेल तर."

"आता विचारतोयस होय?" बाप म्हणाला. "मी काय तुला खुणा फुकट शिकवत होतो?"

रडवेली माणसं पोट धरधरून हसली.

तो आला, शब्द दिल्याप्रमाणे. गिरणीच्या जागी आता नुसतं गवत आहे. पण ती कधी बंद पडली असं विचारलं, तर वस्तीतली म्हातारी माणसं अजून सांगतात, "टकळीचं लग्न जमलं ना, त्याच दिवशी."