होल्डवरचं घड्याळ

विमान कंपनीच्या फोनवर होल्डला जी धून लावतात, ती करणाऱ्या माणसाला एकदा गाठून विचारायचंय, बाबा रे, आम्ही तुझं काय घोडं मारलं होतं? बासरीसारखं काहीतरी वर चढतं, चढता चढता गचका खातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मध्येच एक बाई मधाळ आवाजात सांगते, "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे." महत्त्वाचा आहे तर उचला ना मग!

माझ्या धाकट्या बहिणीचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. ती राहते लांब, विमानानेच जायला हवं इतकी लांब. आणि बया मुलखाची हट्टी. डॉक्टरांना तिने तोंडावर सांगितलं होतं, "ताई आल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही." मागच्या खेपेला ऐन वेळी मी तापाने फणफणले, तर हिने खरंच तारीख पुढे ढकलायला लावली. आता डॉक्टर म्हणत होते की यापुढे एकदा जरी ढकललं तरी आम्ही हात वर करू. तेव्हा मला जायचं होतं म्हणजे जायचंच होतं.

तर विमान कंपनीने 'तांत्रिक कारणास्तव' माझं विमान रद्द केलं. नवीन तिकीट काढायला गेले तर क्रेडिट कार्ड अडलं. बँकेतली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या सुरक्षिततेसाठी आम्ही कार्ड थांबवलंय." कुणापासून सुरक्षितता? माझ्यापासून? शिवाय तिच्या मते पैसे विमान कंपनीकडे गेले होते, आणि कंपनीच्या मते आलेच नव्हते. मग हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो याच्याकडे, आणि मी आपली फोन कानाला लावून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेली.

आता माझा धंदा सांगायला हवा, नाहीतर पुढचं समजायचं नाही. एका मोठ्या दवाखान्यात मी लोकांचे कान तपासते. एक बंद, गादी लावलेली काचेची खोली असते. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. माझ्या वरिष्ठ बाई म्हणायच्या, असलेला आवाज कुणीही ऐकतं, तू नसलेला ऐकायला शीक. म्हणजे बोट कधी वर होत नाही त्याकडे लक्ष ठेवायचं. इतकी वर्षं तेच केलं. नवरा मला कौतुकाने आणि वैतागाने 'कानसेन' म्हणतो.

तर या कानसेनला त्या दिवशी बासरीच्या मागे एक खोली ऐकू आली.

कॉल सेंटरच्या मागे बडबड असते, कीबोर्डची टकटक असते. ही खोली रिकामी होती. फरशी असलेली, लहान, फारसे पडदे नसलेली. आवाज भिंतीवरून कसा परत येतो त्यावरून हे कळतं, त्यात जादू काही नाही. आणि त्या खोलीत एक लंबकाचं घड्याळ चालू होतं. टिक टक... टिक टक... एक ठोका जवळ, एक लांब. लंगडत.

मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. आमचं घड्याळही लंगडतं. धाकटीने तिच्या पहिल्या पगारातून ते मला दिलं आणि नवऱ्याने खिळा ठोकताना ते जरासं तिरकं लावलं. तेव्हापासून ती आली रे आली की स्टूल ओढते. "ताई, माझ्या घड्याळाला लंगडं करून ठेवलंत गं, सरळ करू दे ना." मी हात लावू देत नाही. दमून घरी आले की दारातच ते लंगडणं ऐकू येतं आणि बरं वाटतं.

म्हटलं, आपलाच आवाज फोनमध्ये फिरून येतोय. असं होतं कधीकधी. खात्री करावी म्हणून उठले आणि लंबक बोटाने धरून थांबवला. स्वयंपाकघर गप्प झालं.

फोनमध्ये घड्याळ चालूच होतं.

भीती नाही वाटली, खरंच सांगते. उलट अंगात उत्साह आला. दवाखान्यात एखादा पेशंट वेगळाच निघाला की येतो तसा. मी श्वास रोखून ऐकत राहिले, तेवढ्यात "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" असा आवाज आला आणि फोन कटला. इतका वेळ ताटकळून कटला! लंबकाला पुन्हा धक्का दिला आणि पुन्हा नंबर फिरवला.

या वेळी दवाखान्यातून घरी आणलेले चांगले हेडफोन लावले. बासरी, गचका, आणि मागे तीच खोली. फ्रिजची घरघरसुद्धा आमचीच, शेवटी खोकणारी. मग खळ्ळकन काच फुटली, आणि नवऱ्याचा आवाज आला, "गेला! बाराच्या भावात गेला!"

नवरा तेव्हा बाजारात होता.

तो आल्यावर मी त्याला काही बोलले नाही. बोलून काय सांगणार? दुपारी आम्ही जेवलो. उठताना त्याचं कोपर लागलं, काचेचा ग्लास टेबलावरून खाली गेला, आणि तो म्हणाला, "गेला! बाराच्या भावात गेला!"

मी बघतच राहिले.

"अगं, ग्लासच होता. अशी काय बघतेस भूत पाहिल्यासारखी?"

"काही नाही. पायात चप्पल घाल आधी," मी म्हणाले.

मग राहवलं नाही. पुन्हा फोन लावला आणि होल्ड लागल्यावर हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले. "मागचं ऐक." त्याने शहाण्या मुलासारखे डोळे मिटले, बराच वेळ मान हलवली. "बासरी आहे. भिकार आहे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली आणि फोनला चिकटले. खरं सांगायचं तर तिकिटाइतकीच त्या खोलीची ओढ लागली होती. या खेपेला फोन उचलणारी मुलगी चांगली होती. माझं सगळं पुराण तिने न तोडता ऐकून घेतलं. "मॅडम, उद्या सकाळच्या विमानात एकच सीट दिसतेय. कार्डचं काय झालंय ते मी इथून बघते. होल्डवर ठेवू का आपल्याला?"

"ठेवा," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच आनंदाने.

बासरी सुरू झाली. मागे घड्याळ लंगडत होतं. नवऱ्याच्या चपला फरशीवरून गेल्या. कपात चमचा फिरला. मग कुणीतरी कपाट उघडलं, बंद केलं, दुसरं उघडलं.

"भावजी, साखर कुठे ठेवता हो?"

धाकटी!

मी खुर्चीवरून उठलेच. वर्षभर तिचा आवाज वाक्याच्या मधेच तुटत होता. चार शब्द बोलली की धाप लागायची, फोनवर मला प्रत्येक श्वास मोजल्यासारखा ऐकू यायचा. आणि आता हे वाक्य कसं सरळ, भरलेल्या छातीतून आलं होतं. ती माझ्या स्वयंपाकघरात होती. चालत होती, कपाटं उघडत होती. माझी पोर बरी झाली होती! डोळ्यांना धारा लागल्या, मी तशीच पदराला नाक पुसत ऐकत राहिले. एवढंच वाटलं की साखर काय शोधतेय ही, साखर तर कायम टेबलावरच असते माझ्यासाठी.

मग फरशीवर स्टूल ओढल्याचा आवाज आला. थेट घड्याळाखाली.

"हे एकदाचं सरळ करते," धाकटी म्हणाली.

लाकूड भिंतीला घासलं. दोन-तीन ठोके अडखळले. आणि घड्याळ सरळ चालायला लागलं. टिक, टक, टिक, टक. सारख्या अंतराने.

बरी झाली नाही तोच माझ्या घड्याळाला हात! मला हसू आलं. आता मी ओरडणार, "ए, हात लावू नकोस!" त्या खोलीतून माझा आवाज यायची मी वाट बघितली.

आला नाही.

मी डोळे मिटले. कामावर मिटते तसे.

माझा उजवा गुडघा उठताना कटकन वाजतो. तो वाजला नाही.

माझी डावी चप्पल घासते. नाही.

चहा प्यायला की मी खाकरते, नवरा त्याला 'इंजिन सुरू झालं' म्हणतो. नाही.

बाजारात गेले असेन. अंघोळीला गेले असेन. पण मग पाणी पडताना ऐकू आलं असतं.

धाकटीने नाक ओढलं. "भावजी, रागावली असती ना ती?"

चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग बासरी चढली, गचका खाल्ला.

"मॅडम? लाइनवर आहात ना?"

"आहे."

"कार्ड सुरू झालंय. सकाळची सीट कन्फर्म करू?"

भीती वाटली, खूप वाटली. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. पण मी गेले नाही तर ती टेबलावर चढणार नव्हती, आणि तो भरलेला श्वास मी आताच तर ऐकला होता.

"बाळा, तुमच्या मागे काही आवाज येतात का हो? घड्याळाचा वगैरे?"

"नाही मॅडम," ती जरा थांबून म्हणाली. "इथे आम्हाला मागचं काहीच ऐकू येत नाही."

"करा कन्फर्म," मी म्हणाले. "जाण्यायेण्याचं, दोन्ही."

संध्याकाळी तिकीट आलं. नवऱ्याने चष्मा लावून वाचलं आणि त्याचा पारा चढला. "हे बघ यांचे दिवे! जातानाचं तुझ्या नावावर, आणि परतीचं धाकटीच्या! तिचं नाव कशाला दिलंस?"

तिचं नाव मी कुणालाच दिलं नव्हतं.

त्याने लगेच फोन लावला, होल्डवर बसला, वैतागला, भांडला. शेवटी कुणीतरी त्याला सांगितलं की सिस्टीममध्ये बुकिंग असंच आहे, बदलता येत नाही.

"राहू दे," मी म्हणाले.

"राहू दे काय? मग तू येणार कशी?"

"तिथून बघू."

रात्री धाकटीचा फोन आला. "ताई, येतेयस... ना नक्की?" धाप लागलेली. म्हटलं, निघालेच समज, आता नखरे न करता चढ टेबलावर. ती हसली आणि हसतानाही दमली.

सकाळी गाडी यायच्या आधी मी चहा घेतला. कप विसळला. बॅग दाराशी नेऊन ठेवली आणि घड्याळाखाली जरा वेळ उभी राहिले. लंगडत होतं बिचारं. मागे नवरा टेबल आवरत होता. त्याने साखरेची बरणी उचलली.

"असू दे ना तिथेच," मी म्हणाले.

"कुणासाठी? मला तर डॉक्टरांनी बंद केलीय. उगाच मुंग्या होतील." त्याने टाचा उंचावल्या आणि बरणी सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे सरकवली. "तू आलीस की काढू."

खाली हॉर्न वाजला. त्याने कपाट लावून घेतलं आणि माझी बॅग उचलली.