एक तरी गांध

मिरजेबाहेरच्या माळावरील संशोधन केंद्रात सजीवदर्शकाच्या पडद्यावर शाल्मलीच्या मनगटाची त्वचा आतून दिसत होती. काचेपलीकडे ती चिमुरडी भातुकली मांडून बसली होती.

“आईला आत जाऊ द्या,” डॉ. नफीसा मुल्ला म्हणाल्या.

सुनेत्राने लेकीला हात लावला नाही. दारातूनच हाक मारली, “शमू!”

शाल्मली हसून वळली. पडद्यावर चेतातंतूंची टोकं लकाकली आणि त्यांना बिलगलेल्या मास्ट पेशी फुटू लागल्या. बघता बघता पोरीच्या गळ्यावर लाल गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. परिचारिकेने इंजेक्शन टोचलं आणि सुनेत्राला बाहेर काढलं.

“ॲलर्जी व्हावी असं आत काहीच नव्हतं!” नफीसांचे सहकारी डॉ. रेगे चक्रावले.

नफीसा म्हणाल्या, “तसं काही असावं लागतही नाही. मास्ट पेशीत सूज आणणारं हिस्टामिन ठासून भरलेलं असतं. ॲलर्जीचा पदार्थ ते बाहेर काढतो, तसा चेतातंतूही काढू शकतो. तो आपलं रसायन सोडतो, पेशी फुटते, तिचं हिस्टामिन उलट त्यालाच चेतवतं. दोघं एकमेकांना भडकवत राहतात. आणि तंतूच्या दुसऱ्या टोकाला मेंदू आहे, रेगे. मेंदू शिकतो.”

“काय शिकला तो?” सुनेत्राने विचारलं.

“तान्ही असताना हिला दूध सोसत नव्हतं. अंग सुजलं की कुशीत कोण घ्यायचं?”

“मीच. दुसरं होतं कोण? हे बोटीवर नोकरीला.”

“म्हणजे प्रत्येक सुजेच्या वेळी तुम्ही. आता दूध पचतं, पण तिच्या मेंदूला तुम्ही दिसलात की सूज येणारच असं वाटतं. आणि तो ती आणतो.”

औषधाच्या आधाराने मायलेकींना एकत्र ठेवून पाहिलं. औषध थांबताच गळा पुन्हा सुजला. मग सुनेत्रा दूरच्या गावी राहायला गेली. एकदा शाल्मलीने पाटीवर आईचं चित्र काढलं आणि तिथेच कोसळली.

“नुसती आठवणही पुरते,” नफीसा फोनवर म्हणाल्या. “तिने तुम्हाला विसरायला हवं. लहान आहे, विसरेल.”

सुनेत्राच्या नणंदेने, वासंतीने, पोरीला बेळगावला नेलं. घरातले फोटो उतरले. सुनेत्राचं नाव कुणी काढेना. पुढे शाल्मली वासंतीलाच आई म्हणू लागली.

ती कॉलेजात जायच्या वयाची झाली, तेव्हा नफीसांनी सुनेत्राला केंद्रात बोलावलं. “सतत जवळ बाळगावं लागणारं इंजेक्शन बंद करायचंय. त्याआधी खात्री हवी. तुम्ही केंद्रातल्याच एक बाई, असं तिला सांगितलंय. हात धरा, पूर्वीसारखी हाक मारा.”

समोर बसलेल्या उंच मुलीचा हात सुनेत्राने हातात घेतला.

“शमू.”

मुलगी सौजन्याने हसली. सुनेत्राची नजर त्या गोऱ्या मनगटावर खिळली. एक तरी गांध उठू दे, तिच्या मनात आलं. त्या गांधीपायी पोरीचा जीव जाऊ शकतो, हे ठाऊक असूनही आलं. तिने तळहात दाबला, बोटांवरून बोटं फिरवली, पुन्हा हाक मारली. पडद्यावर एकही तंतू लकाकला नाही.

“काकू, हात दुखतोय माझा.”

सुनेत्राने हात सोडला.

“अभिनंदन,” आत येत नफीसा म्हणाल्या, कुणाकडे न बघता. “पूर्ण बरी आहे ही.”

शाल्मलीने ओढणी सावरली आणि दार उघडून बाहेर बाकावर बसलेल्या वासंतीकडे धावली.

“आई, काहीच उठलं नाही! चल घरी!”