मागून हाक येईपर्यंत

पोळ्याच्या अवसेला, रात्रीचं जेवण उरकून, नितेश टेम्पो घेऊन निघाला. सांभाराच्या जुड्या, म्हणजे कोथिंबीर, पहाटेआधी अमरावतीच्या बाजारात टाकायची होती. एवढंच काम.

देवराव सांगत होते. पोरं शेकोटीभोवती सरकून बसली.

"भातकुलीकडचा नितेश, आबाजी? ज्याचा भाऊ बोटीवर होता?"

"तोच. माह्या मेहुण्याचा धाकटा. लय तापट."

थोरला गोपाल मुंबईच्या बंदरात वाफेवरच्या जुन्या टगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. टगबोट म्हणजे पाण्यातला बैल. मोठ्या जहाजाला दोर बांधायचा, ओढत धक्क्याला आणायचं, वळायचं, पुन्हा दुसरं. डिझेलच्या बोटी आल्या तरी मालकानं तिला मोडीत काढलं नव्हतं. सारी उमर तिची ओढण्यात गेली. सुटीवर आला की गोपाल सांगायचा, "मांगच्या जहाजावरून 'सोडला' अशी हाक आल्याबिगर आमाले वळता येत नाई. ते लोक झोपले, तं आमी बी रातभर तिथंच."

"म्हंजे तू बी बैलच झाला ना, दादा!" नितेश हसायचा.

यंदा आषाढात वादळात ती टगबोट बुडाली. गोपाल सापडलाच नाही.

नितेशनं दहावं होऊ दिलं नाही. क्रिया करायला आलेल्या महाराजाला त्यानं दारातूनच हाकललं. "माती कुठं हाय त्याची? दाखवा मले!" आई आशाबाई रोज विनवायची, "बापू, जाऊ दे रे त्याले." तो भरल्या ताटावरून उठून जायचा.

तर त्या रात्री पांदणीत, शेतातल्या कच्च्या वाटेवर, टेम्पो काळ्या चिखलात फसला. चाकं जागीच फिरली. इंजिन बंद पडलं. नितेशनं शिव्या घातल्या, दार आपटलं, मग स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत बसला.

पुढून खडखड झाली. कोणी हुकाला काही बांधावं तशी.

"कोन हाय?"

नितेशनं डोकं वर केलं.

टेम्पो हलला.

इंजिन बंदच होतं. दिव्याच्या उजेडात जाड, ओला दोर दिसला. पुढं अंधारात ताणलेला. त्या टोकाला काहीच नाही. कोळशाचा धूर नाकात शिरला. मग आवाज. फुस्स... फुस्स...

टेम्पो डांबरी रस्त्याला लागला. थांबला. दोर मात्र सैल झाला नाही.

"दादा?"

फुस्स...

"दादा, घरी चाल ना. माय वाट पाहून राहिली."

फुस्स... धाप लागल्यासारखी.

नितेशला कळलं, काय हवंय ते. तो ओरडला, "मी नाई म्हननार! नाई सोडत तुले!"

टेम्पो पुन्हा सरकला. ब्रेक लागेना. समोर बिनकठड्याचा पूल. खाली पेढी नदी फुगलेली. पुढचं चाक काठाशी आलं.

"ने," नितेश म्हणाला. "मले बी ने."

चाक थांबलं.

दोर तसाच ताणलेला. धाप हळू झाली. अजून हळू. भट्टी विझत आल्यासारखी... पण दोर सुटेना.

"दमला काय रे, दादा?"

...

नितेशनं स्टिअरिंगवरची मूठ सोडली.

"सोडला."

दोर पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

देवरावांनी शेकोटीत काडी सारली.

"मंग, आबाजी?"

"मंग काय. घरी येऊन मायले म्हने, दादाचं करून टाकू."

अंगणात न्हावी बसला. नितेशचे केस खाली पडू लागले. अन् वस्तरा थांबला. आशाबाईनं तोंडात पदर कोंबला.

टाळूवर कोळशाचा काळा हात उमटला होता. पाचही बोटं. साबण झाला, घासलेट झालं. गेला नाही.

"केसाखाली?"

"केसाखाली. अन् बोटं कपाळाकडं. मांगं बसलेल्यानं डोक्यावर हात ठेवावा, तशी."

टेम्पोत मागं तर नुसता सांभार होता.